अराई हाकुसेकी: शोगुनच्या दरबारातला कन्फ्युशियन पंडित (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जपानच्या इतिहासाची गोडी लागलेले वाचक अराई हाकुसेकीबद्दल पुन्हापुन्हा तेच प्रश्न पाठवतात. इथे ते सोप्यापासून अवघडाकडे असे लावले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे, म्हणून कुठूनही वाचायला सुरुवात केली तरी चालेल.

१. हाकुसेकी नेमका कोण होता? दोन ओळींत सांगाल का?

अराई हाकुसेकी (१६५७–१७२५) हा एदोमधला, म्हणजे आजच्या टोकियोमधला, सामुराई कुळातला कन्फ्युशियन विद्वान. सहावा तोकुगावा शोगुन इएनोबू याचा तो गुरू आणि सल्लागार होता. १७०९ ते १७१६ या सात वर्षांत नाणी, परदेशी व्यापार, कोरियाशी शिष्टाचार, न्यायदान अशा जवळपास प्रत्येक मोठ्या निर्णयामागे त्याची लेखणी होती. 'हाकुसेकी' हे टोपणनाव, अर्थ 'पांढरा दगड'. खऱ्या नावाची अक्षरं किन्मि किंवा किमियोशी अशी दोन्ही तऱ्हांनी वाचतात, त्यामुळे दोन पुस्तकांत दोन नावं दिसली तरी माणूस एकच आहे.

२. जपानला सम्राट होता ना? मग हे 'लष्करी सरकार' कुठून आलं?

सम्राट क्योतोमध्ये होता आणि पदव्या त्याच्याच नावाने दिल्या जात. राज्य मात्र एदोच्या किल्ल्यातून चाले. शोगुन हा पदाने सेनापती आणि त्याच्या सरकारचं नाव बाकुफू. हा शब्द मुळात सेनापतीच्या तंबूवरून आला. १६०३ मध्ये तोकुगावा इएयासू शोगुन झाला आणि १८६७ पर्यंत सत्ता त्याच घराण्यात राहिली. देशात अडीचशेच्या वर दाइम्यो, म्हणजे आपापला मुलूख सांभाळणारे सरदार होते. रोजचा कारभार रोजू नावाच्या चार-पाच ज्येष्ठ मंत्र्यांकडे असे, आणि हे मंत्रीही दाइम्योच असत. हाकुसेकीला या मंडळात बसण्याचा हक्क कधीच मिळाला नाही. मग त्याचा शब्द चालायचा कसा, ते प्रश्न ८ मध्ये आहे.

३. तलवारीच्या जोरावर आलेल्या सरकारला कन्फ्युशियसचा पंडित कशाला हवा होता? चीनसारखी परीक्षा होती का?

परीक्षा नव्हती. चीन आणि कोरियात परीक्षा देऊन अधिकारी होता येई. जपानात पद जन्मावर ठरे, आणि पंडिताला नेमायचं की नाही हे त्या-त्या धन्याच्या मर्जीवर. लढाया थांबल्यावर सरकारला कायदे लिहायला, वंशावळी लावायला, परदेशी पत्रांना शास्त्रीय चिनीत उत्तरं द्यायला आणि जुने दाखले काढून द्यायला माणसं लागू लागली. पंडितांची गरज निर्माण झाली ती तिथे.

सुरुवातीला त्यांना मान कसा मिळत होता, हे एका गोष्टीवरून कळतं. हायाशी राझान या पहिल्या मोठ्या पंडिताला १६०७ मध्ये डोकं भादरून दोशुन हे भिक्षूचं नाव घ्यावं लागलं. कारण किल्ल्यात विद्वान म्हणून जागा होती ती बौद्ध भिक्षूंना. आयुष्यभर बौद्ध धर्मावर टीका करणारा माणूस भिक्षूच्या वेशात चाकरी करत राहिला. त्याचा नातू होको याला केस वाढवायची परवानगी मिळाली ती थेट १६९१ मध्ये. त्याच सुमारास युशिमाला कन्फ्युशियसचं मंदिर उभं राहिलं आणि 'दाइगाकु-नो-कामी', म्हणजे विद्यापीठप्रमुख, ही पदवी त्या घराण्यात वंशपरंपरेने चालू झाली. हाकुसेकी मात्र पहिल्यापासून शेंडी बांधलेला, दोन तलवारी लावणारा सामुराई होता आणि शेवटपर्यंत तसाच राहिला.

४. त्याचं शिक्षण कुठे झालं? शाळा होती का?

शाळा नव्हती. जन्म झाला तोच आगीच्या राखेत. १६५७ च्या मार्चमध्ये मेइरेकीच्या महाआगीने एदोचा बहुतेक भाग जाळला, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच हाकुसेकी जन्मला. वडिलांचा धनी त्सुचिया हा त्याला लाडाने 'आगीचं पोर' म्हणे. त्याच आगीत राझानचा आयुष्यभराचा ग्रंथसंग्रह जळाला आणि तो धक्का बसून थोड्याच दिवसांत राझान गेला. एक पंडित गेला त्याच वर्षी दुसरा जन्मला.

नवव्या वर्षी (जपानी मोजणीने, पाहा प्रश्न १६) त्याला रोजचा नेम घालून दिला होता: दिवसा ३,००० अक्षरं आणि रात्री १,००० अक्षरं कुंचल्याने लिहायची. हिवाळ्यात दिवस लहान. उजेड सरायच्या आत दिवसाचा नेम पुरा होत नसे, म्हणून तो मेज उचलून पश्चिमेकडच्या बांबूच्या ओसरीवर नेई आणि मावळत्या उन्हात उरलेलं लिही. रात्री पेंग येई. त्यावर उपाय म्हणून दोन बादल्या पाणी तयार ठेवलेलं असे. डोळा लागू लागला की कपडे काढून एक बादली अंगावर, पुन्हा कपडे घालून लिहायला बसायचं. अंगात ऊब आली की झोप परत येई, मग दुसरी बादली. हे सगळं त्याने स्वतः नोंदवलं आहे.

कन्फ्युशियन विचाराची ओढ लागली ती सतराव्या वर्षी, एका मित्राकडे नाकाए तोजू या जपानी कन्फ्युशियन विचारवंताचं पुस्तक हाती पडलं तेव्हा. त्यानंतर तो बराच काळ गुरूविना एकटाच शिकला. किनोशिता जुनआन हा गुरू भेटला तेव्हा त्याने तिशी गाठली होती.

५. मग शोगुनपर्यंत तो पोहोचला कसा? वशिला होता का?

उलट वीस वर्षं त्याच्या वाट्याला अडथळेच आले. १६७७ मध्ये त्सुचिया घराण्यातल्या वारसाच्या भांडणात बाप-लेक दोघांनाही बाहेर काढलं गेलं, आणि दुसरीकडे चाकरी धरायलाही बंदी घातली गेली. ही बंदी फार जाचक असे. जुन्या धन्याने हरकत घेतली तर दुसरा कोणी माणूस ठेवून घेत नसे. १६७९ मध्ये त्सुचियांची जहागीरच गेली आणि हाकुसेकी मोकळा झाला. पुढे होत्ता मासातोशी या सर्वांत बड्या मंत्र्याकडे जागा मिळाली. पण १६८४ मध्ये होत्ताचा एदोच्या किल्ल्यातच खून झाला, घराण्याला उतरती कळा लागली, चाकरांचे पगार कापले गेले. १६९१ मध्ये हाकुसेकीने रजा घेतली आणि शहरात शिकवण्या सुरू केल्या. त्या वेळी घरात जेमतेम तीन तो, म्हणजे ५४ लिटर, तांदूळ आणि थोडी नाणी होती.

या काळात त्याने दोन वेळा हाती आलेली संधी सोडली. कावामुरा झुइकेन या गडगंज व्यापाऱ्याच्या घरून नातीसाठी स्थळ आलं, सोबत अभ्यासाच्या खर्चासाठी सोन्याच्या नाण्यांत मोजलेल्या ३,००० र्‍योचं घर. हाकुसेकीने उत्तर दिलं ते सापाच्या गोष्टीने: लहान सापाच्या अंगावर झालेली बोटभर जखम साप अजस्र झाला की हातभर होते. आज पैशासाठी घेतलेला छोटा डाग उद्या मोठा पंडित झाल्यावर तेवढाच मोठा दिसेल. दुसऱ्या वेळी गुरू त्याची शिफारस कागाच्या श्रीमंत माएदा घराण्याकडे करणार होता. पण कागाचाच एक गुरुबंधू म्हणाला, तिथे माझी म्हातारी आई आहे. हाकुसेकीने गुरूला जाऊन सांगितलं, माझ्याऐवजी त्याचं नाव सुचवा.

शेवटी १६९३ मध्ये कोफूचा धनी तोकुगावा त्सुनातोयो याला पंडित हवा होता. आधी हायाशींकडे विचारणा झाली, तिथून माणूस मिळाला नाही, मग जुनआनकडे. त्सुनातोयो हा शोगुनचा पुतण्या, पण तो गादीवर येईल अशी खात्री तेव्हा कोणी देत नव्हतं. १७०४ मध्ये शोगुनने त्याला दत्तक घेतलं, नाव बदलून इएनोबू झालं, आणि १७०९ मध्ये तो शोगुन झाला.

६. पगार किती होता? 'चाळीस माणसांचा शिधा' आणि '१,००० कोकू' यांचा हिशोब समजत नाही.

कोफूने आधी ३० माणसांचा शिधा देऊ केला होता. जुनआनने हे माझ्या शिष्याला कमी आहे म्हणून नाकारलं, तेव्हा ४० वर ठरलं. एका माणसाचा शिधा म्हणजे दिवसाला ५ गो तांदूळ. एक गो १८० मिलिलिटर, म्हणजे ५ गो हे ९०० मिलिलिटर, वजनात साधारण पाऊण किलो. चाळीस माणसांचे दिवसाला ३६ लिटर, वर्षाला सुमारे ७० कोकू. एक कोकू १८० लिटर. हा शिधा चाळीस माणसं पोसण्यासाठी नसून पगार मोजण्याची ती रीत होती. तांदूळ विकून भाडं, पुस्तकं, कपडे, नोकर सगळं भागवायचं.

१७०९ मध्ये ५०० कोकूची आणि १७११ मध्ये १,००० कोकूची जमीन मिळाली. इथे बहुतेक वाचक चुकतात. १,००० कोकू हा जमिनीचा अंदाजी आकार आहे, हातात पडणारं उत्पन्न नव्हे. पिकातला बराच वाटा शेतकऱ्याकडे राही. धन्याकडे ४० टक्क्यांच्या आसपास आला तर ४०० कोकू मिळतात, आणि त्यातून दर्जाला शोभतील इतके चाकर, भालाईत ठेवावे लागत. 'चिकुगो-नो-कामी', म्हणजे चिकुगोचा सुभेदार, हीदेखील नुसती पदवी. चिकुगो प्रांताशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

७. रोजचं काम काय असे? शोगुनला शिकवायचं म्हणजे कसं?

ग्रंथ मांडून त्यावर प्रवचन करायचं. मजकूर शास्त्रीय चिनी, पण खुणांच्या मदतीने शब्दांचा क्रम फिरवून तो जपानीतच मोठ्याने वाचला जाई, मग अर्थ, मग जुने दाखले. चार ग्रंथ, पाच अभिजात ग्रंथ आणि चू शी या चिनी कन्फ्युशियन विचारवंताच्या परंपरेतला चिनी इतिहास हा मुख्य अभ्यास. एकोणीस वर्षांत १,२९९ व्याख्यानं झाली. हा आकडा हाकुसेकीने स्वतः मोजून ठेवला आहे.

इएनोबू औपचारिक पोशाखात, सुमारे नऊ शाकू, म्हणजे पावणेतीन मीटर अंतरावर बसे. भर उन्हाळ्यात पंखा नाही, डास चावले तरी हात हलवायचा नाही, सर्दी झाली तर तोंड बाजूला वळवून कागदाने नाक पुसायचं. धन्याने चाकरासमोर असं बसणं ही त्या काळात साधी बाब नव्हती. तो मान ग्रंथाला होता. हाकुसेकीला हे ठाऊक होतं आणि त्याने ते जपून लिहून ठेवलं.

१७०७ च्या डिसेंबरात फुजीचा उद्रेक झाला त्या दिवशीही तो व्याख्यानाला निघाला होता. आकाशातून बर्फासारखी राख पडत होती, जमीन, गवत, झाडं सगळी पांढरी. भर दिवसा इतका अंधार झाला की मेणबत्त्या लावून पाठ घ्यावा लागला.

व्याख्यानांच्या जोडीला फर्मायशी ग्रंथलेखन असे. १७०२ मध्ये त्याने ३३७ दाइम्यो घराण्यांचा इतिहास लिहून दिला. १७१२ मध्ये जपानच्या इतिहासावर दिलेली व्याख्यानं पुढे 'तोकुशी योरोन' या नावाने प्रसिद्ध झाली. सत्ता दरबाराकडून योद्ध्यांकडे टप्प्याटप्प्याने कशी सरकली, हे त्यात त्याने कारणांसह मांडलं आहे. आमच्या मते त्याचा सर्वांत मोलाचा ग्रंथ हाच.

८. मंत्रिपद नव्हतं, तरी निर्णय त्याचे कसे?

कागदावर. इएनोबूला प्रश्न पडला की तो मानाबे आकिफुसा या अंतःस्थ सचिवामार्फत हाकुसेकीकडे जाई. हाकुसेकी लेखी मत मोहोरबंद करून पाठवी. शोगुनला पटलं तर हुकूम रोजूंकडून निघे. म्हणजे मत हाकुसेकीचं, वाट मानाबेची, सही मंत्र्यांची. या साखळीतली एक कडी तुटली तर सगळंच थांबणार हे उघड होतं, आणि पुढे तसंच झालं (प्रश्न १५).

या पद्धतीत मत टिकायचं तर त्याला दाखला लागे. 'मला असं वाटतं' याला किंमत नव्हती. चिनी ग्रंथ, जपानी कायदे, इएयासूच्या काळची वहिवाट यांतून आधार काढून दाखवावा लागे, आणि विरोधकाने काढलेला दाखला खोडावाही लागे. हाकुसेकीचं खरं बळ तिथे होतं.

९. हायाशी घराण्याशी त्याचं एवढं वाकडं का?

दोघांकडे एकच काम होतं: दाखले देणं. हायाशी होको अधिकृत पंडित, हाकुसेकी शोगुनच्या मर्जीतला. उदाहरणादाखल एक वाद पुरे. १७१२ च्या शेवटी इएनोबू वारला. तेव्हा होकोने अर्ज केला की 'शोतोकू' हे शकनाम बदलावं, कारण त्यातलं 'शो' हे अक्षर ज्या-ज्या शकांत आलं ते अशुभ ठरले असं चिनी लेखकांनी म्हटलं आहे. हाकुसेकीचं म्हणणं, चांगलं-वाईट हे राज्य करणाऱ्यांच्या वागण्याने होतं, अक्षराने नव्हे. शिवाय ते अक्षर दरवर्षीच्या पहिल्या महिन्याच्या नावातही आहे, मग तो महिनाही गाळायचा का? शकनाम तसंच राहिलं.

विचाराने दोघेही चू शीच्याच परंपरेचे होते, हे लक्षात ठेवायला हवं. भांडण सिद्धान्ताचं नव्हतं.

१०. नाण्यांचा गोंधळ काय होता? आकड्यांसकट सांगा.

जुनं केइचो कोबान हे सोन्याचं नाणं सुमारे १७.८ ग्रॅमचं, सोनं ८४ टक्क्यांच्या वर, म्हणजे नाण्यात १५ ग्रॅम सोनं. खजिना आटला तेव्हा अर्थाधिकारी ओगिवारा शिगेहिदे याने १६९५ मध्ये नवं नाणं काढलं: वजन तेच, सोनं ५७ टक्के, म्हणजे १० ग्रॅमच्या आसपास. उरलेल्या सोन्यातून जादा नाणी पाडून सरकारने नफा घेतला. १७१० मध्ये शुद्धता परत ८४ टक्क्यांवर नेली, पण वजन ९.४ ग्रॅमवर आणलं. सोनं उरलं ८ ग्रॅमच्या आत. चांदीची गत याहून वाईट. केइचो चांदी ८० टक्के होती, ती उतरत उतरत १७११ च्या नाण्यात २० टक्क्यांवर आली.

हाकुसेकीच्या दृष्टीने ही प्रजेची फसवणूक होती. त्याने ओगिवाराला काढण्यासाठी तीनदा अर्ज दिला. तिसऱ्यात तर निर्वाणीची भाषा होती. १७१२ च्या शरदात ओगिवारा गेला, आणि त्यानंतर महिन्याभरात इएनोबूही. १७१४ मध्ये जुन्या वजनाचं, जुन्या शुद्धतेचं नाणं पुन्हा पाडायला सुरुवात झाली.

मग बिघडलं कुठे? चांगलं नाणं पाडायला जुनी हलकी नाणी गोळा करून वितळवावी लागतात. दोन हलक्यांतून एकच भारी निघतं, म्हणजे बाजारातला पैसा कमी होतो. पैसा कमी झाला की भाव उतरतात. सामुराईंना पगार तांदळात मिळे, तांदळाचा भाव पडला की मार त्यांनाच. हे दुखणं पुढच्या शोगुनच्या काळात वाढलं, आणि १७३६ मध्ये सरकारने पुन्हा हलकी नाणी काढली. आज बरेच अर्थतज्ज्ञ ओगिवाराकडे पूर्वीपेक्षा सहानुभूतीने पाहतात. वाढत्या व्यापाराला जादा नाणी लागतच होती. हाकुसेकीचा हेतू स्वच्छ होता. पैशाचं प्रमाण आणि भाव यांचं नातं त्यालाही दिसत होतं, पण औषधाची मात्रा चुकली असं आमचं मत आहे.

११. नागासाकीच्या व्यापारावर मर्यादा कशासाठी?

नागासाकी हे चिनी आणि डच व्यापाराचं बंदर. हाकुसेकीने जुनी दप्तरं काढून हिशोब केला की साधारण शंभर वर्षांत देशातलं पाव सोनं आणि पाऊण चांदी परदेशी गेली. बदल्यात आलं रेशीम, औषधं, चैनीच्या वस्तू. धातू जमिनीतून एकदाच निघतो, तो केसासारखा पुन्हा उगवत नाही, हा त्याचा युक्तिवाद. १७१५ च्या नियमांनुसार चिनी जहाजं वर्षाला ३०, व्यवहार ६,००० कान चांदीचा. डच जहाजं २, व्यवहार ३,००० कानाचा. एक कान ३.७५ किलो. तांब्याची निर्यात चिन्यांना ३० लाख किन, डचांना १५ लाख किन. एक किन ६०० ग्रॅम, म्हणजे अनुक्रमे १,८०० आणि ९०० टन.

चिनी जहाजांना परवानापत्र सक्तीचं झालं. इथे एक अनपेक्षित अडचण आली. परवान्यावर जपानी शकनाम होतं, आणि ज्यांना परवाने मिळाले नाहीत त्या व्यापाऱ्यांनी आपल्या सरकारकडे तक्रार केली की हे दुसऱ्या राजाचं मांडलिकत्व पत्करल्यासारखं आहे. चीनमध्ये परवाने जप्त झाले. शेवटी १७१७ मध्ये कांगशी सम्राटाने ही केवळ व्यापाऱ्यांची ओळखपत्रं आहेत असं ठरवून ती परत दिली. तोवर हाकुसेकी पदावरून गेला होता, नियम मात्र टिकले.

१२. कोरियन वकिलातीच्या वेळी 'राजा' शब्दावरून काय भांडण झालं?

१७११ मध्ये सुमारे ५०० माणसांची वकिलात नव्या शोगुनचं अभिनंदन करायला आली. तोवर पत्रांत शोगुनला 'ताइकुन' म्हणत. हाकुसेकीची हरकत अशी: कोरियात हाच शब्द राजाच्या मुलांना लावतात, म्हणजे शोगुनचा दर्जा खाली येतो, आणि चिनी ग्रंथांत तो सम्राटासाठी आहे, म्हणजे क्योतोचा अपमान होतो. म्हणून 'जपानचा राजा' लिहावं. जपान आणि कोरियामधल्या त्सुशिमा बेटाच्या सरदाराकडून कोरियाचं काम पाहणारा आमेनोमोरी होशू हा त्याचाच गुरुबंधू. त्याने कडाडून विरोध केला. सम्राट असताना शोगुन राजा कसा, हा त्याचा प्रश्न होता.

मेजवान्या ठरावीक मुक्कामांपुरत्या ठेवून खर्चही छाटला. १० लाख र्‍योवरून ६ लाखांवर, हा नेहमी दिला जाणारा आकडा.

शेवटी पेच पडला तो एका अक्षराचा. जपानी उत्तरात कोरियाच्या एका पूर्वीच्या राजाच्या नावातलं अक्षर आलं होतं, आणि पूर्वजाचं नाव असं वापरणं निषिद्ध. वकिलांनी पत्र बदलायची मागणी केली. हाकुसेकीने कोरियाच्याच पत्रातलं इएमित्सू या तिसऱ्या शोगुनच्या नावातलं अक्षर दाखवलं. दोन्ही पत्रं नव्याने लिहिली गेली. घरी परतल्यावर त्या वकिलांना शिक्षा झाली. १७१९ च्या पुढच्या वकिलातीला सगळं पुन्हा जुन्या रीतीने झालं.

१३. ख्रिस्ती पाद्री सिदोत्ती याची चौकशी त्याने केली, ती कशी?

जोव्हान्नी बात्तिस्ता सिदोत्ती हा सिसिलीचा पाद्री १७०८ मध्ये सामुराईचा वेश करून याकुशिमा बेटावर एकटा उतरला आणि लगेच पकडला गेला. १७०९ च्या शेवटी एदोच्या कोइशिकावा भागातल्या ख्रिस्ती कैदखान्यात हाकुसेकीने त्याला चार वेळा भेटून प्रश्न विचारले. मध्ये नागासाकीचे डच भाषा जाणणारे जपानी दुभाषे. सिदोत्ती मोडकं जपानी बोले, उरलेलं लॅटिन-डच यांच्या खिचडीतून काढावं लागे. डच नकाशा उलगडून, कंपासने अंतर मोजून, सिदोत्तीने रोम आणि एदो कुठे ते दाखवलं.

थंडी कडाक्याची होती. अधिकाऱ्यांनी उबदार कपडे दिले, पण परधर्मीयांकडून वस्त्र नको म्हणून त्याने नाकारले. त्याच दिवशी तो म्हणाला, माझ्यासाठी पहारेकरी रात्रभर थंडीत जागतात याचं मला वाईट वाटतं. हाकुसेकीने लगेच पकडलं: पहारेकऱ्यांची काळजी आहे, मग तू गारठशील म्हणून जीव टांगणीला लागलेल्या अधिकाऱ्यांची का नाही? सिदोत्तीने चूक मान्य केली आणि कपडे घेतले, फक्त रेशमाऐवजी सुती मागितले.

हाकुसेकीने शोगुनला तीन पर्याय लिहून दिले. पहिला, मायदेशी पाठवणं: अवघड दिसतं, पण सोपं आणि सर्वोत्तम. दुसरा, कैदेत ठेवणं: सोपं दिसतं, पण सर्वांत अवघड. तिसरा, ठार मारणं: सोपं, आणि सर्वांत हीन. सरकारने मधला पर्याय निवडला. पुढे सिदोत्तीने आपल्या सेवेतल्या वृद्ध जोडप्याला बाप्तिस्मा दिल्याचं उघड झालं, त्याला कोठडीत टाकलं, आणि १७१४ मध्ये तो वारला. २०१४ मध्ये त्या जागेच्या उत्खननात सापडलेल्या हाडांची डीएनए तपासणी झाली आणि ती त्याचीच असल्याचं २०१६ मध्ये जाहीर झालं.

या भेटींवरून हाकुसेकीने 'सेइयो किबुन' लिहिलं. निष्कर्ष असा: यंत्रं, भूगोल, गणित यांत युरोपचे लोक फार पुढे आहेत; त्यांचा धर्मविचार मात्र त्याला पटला नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या काढून एक घेता येते, हा विचार त्या काळच्या जपानात नवा होता.

१४. कन्फ्युशियन तत्त्व प्रत्यक्ष खटल्यात अडकलं तर काय करत?

१७११ चा कावागोएचा खटला पाहा. एका बाईचा नवरा बेपत्ता झाला. नदीत प्रेत दिसल्यावर तिने गावच्या प्रमुखाला ते काढायला सांगितलं. प्रेत नवऱ्याचं निघालं, आणि खून तिच्या बापाने व भावाने केल्याचं सिद्ध झालं. आता प्रश्न असा की मुलीने बापाचा गुन्हा उघड केला, आणि बापावर आरोप करणं हा शास्त्रानुसार मोठा अपराध. तिला शिक्षा करायची का?

हायाशींचं मत तिच्या विरोधात गेलं. हाकुसेकीने शोकाच्या नियमांचा आधार घेतला: लग्नानंतर स्त्रीचं पहिलं नातं नवऱ्याशी, म्हणूनच बापासाठीच्या सुतकाचा काळही तिच्यासाठी कमी होतो. शिवाय खुनी कोण हे माहीत नसताना तिने प्रेत काढायला सांगितलं, तो आरोप ठरत नाही. तिला शिक्षा झाली नाही. पण ती एकटी, निराधार पडली होती. तिने भिक्षुणी होऊन कामाकुराच्या मठात राहावं, म्हणजे शीलही जपलं जाईल आणि पोटाचीही सोय होईल, असा मार्ग त्याने सुचवला. ग्रंथातलं कलम शोधून तो थांबला नाही, उद्या ही बाई कुठे जाईल याचाही विचार त्याने केला. त्याच्यावर रुक्षपणाचा आरोप करणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

१५. १७१६ मध्ये असं काय झालं की सगळं संपलं?

इएनोबूनंतर त्याचा तीन वर्षांचा मुलगा इएत्सुगू शोगुन झाला. हाकुसेकी आणि मानाबे यांनी त्याच्या नावाने कारभार रेटला. १७१६ मध्ये तो मुलगाही गेला. तोकुगावांच्या किई शाखेचा योशिमुने आठवा शोगुन झाला, आणि त्याने दोघांनाही बाजूला केलं. हाकुसेकीने १७१० मध्ये लिहिलेली सरदारांची आचारसंहिता रद्द होऊन जुनी परत आली. राहतं घर सोडावं लागलं. शेवटी सेंदागायाला, तेव्हाच्या शहराबाहेर, जागा मिळाली.

तरी 'सगळं' संपलं नाही. व्यापाराच्या मर्यादा योशिमुनेने ठेवल्या. हाकुसेकीने शिफारस करून आणलेला गुरुबंधू मुरो क्युसो हा योशिमुनेचाही गुरू झाला. १७१० मध्ये हाकुसेकीच्या सल्ल्याने सुरू झालेली कान्इन ही राजघराण्याची शाखा १७७९ मध्ये मूळ वंश खुंटल्यावर उपयोगी पडली. आजचे सम्राट त्याच शाखेतले आहेत.

१६. एका पुस्तकात जन्म १० फेब्रुवारी, दुसऱ्यात २४ मार्च. बरोबर कोणतं?

२४ मार्च १६५७. जपानी नोंद 'मेइरेकी ३, दुसरा महिना, दहावा दिवस' अशी आहे. पंचांग चांद्र असल्याने दुसरा महिना म्हणजे फेब्रुवारी नव्हे. वयाचीही अशीच गफलत होते. जन्मताच एक वर्ष धरायचं आणि दर नववर्षाला एक वाढवायचं, म्हणून जपानी वय आपल्यापेक्षा एक किंवा दोनने जास्त येतं. कोफूची चाकरी लागली तेव्हा तो '३७ वर्षांचा' होता असं वाचलं तर आपल्या मोजणीने ३६ धरा.

१७. हे सगळं त्याच्याच आत्मचरित्रातून येतं ना? मग विश्वास किती ठेवायचा?

बराचसा तिथूनच. 'ओरिताकु शिबा नो कि' हे आत्मचरित्र त्याने १७१६ मध्ये, पद गेल्यावर, वंशजांसाठी लिहायला घेतलं. तारखा, हुकूम, रकमा यांत तो काटेकोर आहे. माणसांबद्दल मात्र एकतर्फी आहे. ओगिवाराने लाखो र्‍यो लाटले ही गोष्ट, किंवा होकोचं अज्ञान, हे विरोधकांच्या बाजूने ऐकायला मिळत नाही. घटना आणि निवाडा वेगळे करून वाचावं. प्रश्न ९, १० आणि १४ मधली माहितीही याच नजरेने घ्यावी.

१८. त्याला चिनी बोलता येत होतं का?

नाही. वाचन-लेखन अस्खलित, चिनी कवितांचा संग्रह कोरियन विद्वानांनीही वाखाणलेला. पण समोरासमोर भेट झाली की दोन्ही बाजू कागदावर कुंचल्याने प्रश्नोत्तरं करत. १७११ च्या वकिलांशीही त्याचा संवाद असाच झाला.

१९. कन्फ्युशियन होता, मग अंत्यविधी बौद्ध पद्धतीने कसा?

ख्रिस्ती धर्म रोखण्यासाठी प्रत्येक कुटुंबाची नोंद एखाद्या बौद्ध मंदिरात असणं सक्तीचं होतं आणि अंत्यविधी त्या मंदिराच्या हातात असे. शोगुनचा पंडितही त्याला सहसा अपवाद नसे. हाकुसेकी १७२५ मध्ये वारला आणि असाकुसाच्या होओन्जी मंदिरात पुरला गेला.

२०. टोकियोला गेलो तर काय पाहता येईल?

ओचानोमिझु स्थानकाजवळ युशिमा सेइदो हे कन्फ्युशियसचं मंदिर आहे. बहुतेक जुन्या इमारती १९२३ च्या भूकंपात गेल्या, आजचं सभागृह १९३५ चं, काँक्रीटचं. बुंक्यो वॉर्डात कोहिनाता भागात ख्रिस्ती कैदखान्याच्या जागेवर दगडी खूण आहे. आजूबाजूला घरं आहेत, तेव्हा आवाज न करता पाहावी. जुन्या धन्याचा, म्हणजे त्सुचियांचा, कुरुरी किल्ला चिबा प्रांतात, किमित्सु शहराच्या हद्दीत आहे. हाकुसेकीची समाधी शोधायला असाकुसाला जाऊ नका. ती नंतर हलवली गेली आणि आता नाकानो वॉर्डातल्या कोतोकुजी मंदिराच्या आवारात आहे.